नर्सिंग झालेल्या लेकीला आयसीयूत काम कसे मिळेल?

मागच्या रब्बीत एका गावी हरभऱ्यात कामगंध सापळे लावत होतो. शेतमालक काका म्हणाले, "साहेब, घाटे अळीचं राहू द्या, आमच्या पोरीचं बघा. तीन वर्षं जीएनएम केलं, चांगल्या मार्कानं पास झाली. तिला आयसीयूत काम करायचंय. जाईल तिथं अनुभव मागतात. कामच दिलं नाही तर अनुभव येणार कुठनं? आता तिची आई म्हणते, स्थळं बघा."

मी पडलो शेतीचा माणूस. पण माझी पत्नी परिचारिका आहे, नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात काम करते. तिला विचारून जे कळले ते सांगतो.

ऊतिसंवर्धित केळीचे रोप आपण प्रयोगशाळेतून थेट शेतात लावतो का? नाही. आधी हरितगृहात, मग शेडनेटमध्ये कणखर करतो. नव्या नर्सचेही तसेच आहे. आयसीयूत व्हेंटिलेटरवरचा पेशंट असतो, औषध थेंबाच्या हिशोबाने जाते. चुकीला जागा नाही. म्हणून अनुभव मागतात. तो मुलीचा अपमान नव्हे.

मग करायचे काय? पहिले, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी करून घ्या. तिच्याशिवाय पुढचे काही हलत नाही. दुसरे, आयसीयू किंवा डायलिसिस विभाग असलेल्या रुग्णालयात जनरल वॉर्डची जागा मिळाली तर ती सोडू नका. रुजू होतानाच सांगा, पुढे आयसीयूत जायची इच्छा आहे. नव्या नर्सला शिकवायला कोण असते, किती दिवस, हेही विचारा.

तिसरे, मुलाखतीत "मी कष्टाळू आहे" एवढ्याने भागत नाही. प्रशिक्षणात सांभाळलेला एखादा पेशंट सांगावा: त्याच्यात काय बदल दिसला, कोणाला कळवले, पुढे काय केले. पेशंटचे नाव मात्र घेऊ नये. चौथे, हृदय बंद पडल्यास करायच्या प्रथमोपचाराचे, म्हणजे बीएलएसचे, छोटे प्रशिक्षण घ्यावे. वर्षभर काम झाले की भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता असलेली अतिदक्षता किंवा नवजात शिशू परिचर्येची एक वर्षाची पदविका करता येते. प्रवेशाआधी संस्थेची मान्यता तपासा. बियाणे घेताना लेबल बघतो ना, तसेच!

नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडे ठेवू नका.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांनाही विनंती. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागांच्या जाहिराती जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर येतात. त्यांची प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. दाखल्यासाठी आलेल्या मुलीला "उद्या या" म्हणू नका. अर्जाची मुदत उद्यापर्यंत थांबत नाही.

काकांची मुलगी आता जिल्ह्याच्या गावी एका रुग्णालयात जनरल वॉर्डात लागली आहे. पहिल्याच महिन्यात रात्रपाळी आली. काका घाबरले होते. मी म्हटले, रात्री वीज आली की आपण मोटर चालू करायला जातोच ना? पिकासाठी जातो. ती माणसासाठी जागते. आईने स्थळांचा विषय वर्षभर बाजूला ठेवलाय. तेवढे वर्ष तुमच्याही लेकीला द्या.