आवणीच्या चिखलातला पोशाख

शहापूर-मुरबाडच्या खाचरांत दिवसभर कमरेतून वाकून भाताची आवणी करायची, तर पायघोळ वस्त्र काय कामाचं? ठाकूर आणि कातकरी बायकांचं लुगडं म्हणूनच गुडघ्याच्या वर, काष्टा घट्ट आवळून नेसलेलं असे. हौस भागवायला गळा होता. ठाकूर बायका त्यावर मण्यांच्या माळांचे थर चढवत. पुरुषाला लंगोटी आणि खांद्यावर घोंगडी पुरे.

खरी करामत इरल्याची. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात दाबून बसवलेली पळसासारखी रुंद पानं. ते डोक्यावर घेतलं की पाठही झाकली जाते आणि दोन्ही हात रोपांसाठी मोकळे राहतात. छत्रीला हे कुठलं जमायला!

प्राचीन चीनच्या भातशेतकऱ्यानंही पावसावर असाच तोडगा काढला होता: गवताचा किंवा झाडाच्या तंतूंचा झगा आणि वर बांबूची टोपी. चीन म्हटलं की आपल्याला रेशीमच आठवतं. मावांगदुईला १९७२ मध्ये उघडलेल्या थडग्यात दोन हजार वर्षांहून जुना, जेमतेम ४९ ग्रॅम वजनाचा तलम रेशमी झगा मिळाला. पण तो उमराव घराण्यातल्या स्त्रीचा. राबणाऱ्यांच्या अंगावर भांगेच्या तंतूंचे आखूड, जाडेभरडे कपडेच असत.

प्लास्टिकच्या कागदानं आता इरलं बरंचसं हटवलं आहे. स्वस्त, हलकं, त्यामुळे तक्रार तरी कशी करणार? घोंगडीनं मात्र मुरबाड तालुक्यातल्या म्हसाच्या जत्रेत, बैलबाजाराच्या जोडीनं, आपली जागा राखली आहे.