श्वासावरून पोटातला जंतू कसा कळतो?

काल आमच्या लॅबमध्ये एक काकू श्वासाच्या तपासणीला आल्या. सकाळीच अ‍ॅसिडिटीची गोळी घेतलेली. तपासणी पुढे ढकलली, तर नाराज झाल्या. म्हणून हे लिहितेय.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठराच्या आम्लात तग धरतो तो युरिएज या एन्झाइमच्या जोरावर. ते युरिया फोडून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं.

तपासणीत कार्बन-१३ची खूण असलेला युरिया देतात. जंतू असेल, तर अर्ध्या तासात तो खुणेचा कार्बन श्वासात उतरतो. कार्बन-१३ किरणोत्सारी नसतो.

अचूकता साधारण ९५ टक्के. तीही घशातून नळी न घालता! मला याचं आजही अप्रूप वाटतं.

पण पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्यांनी जंतू दबतो, मरत नाही. मग तो असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून या गोळ्या २ आठवडे, अँटिबायोटिक्स ४ आठवडे आधीपासून बंद हवीत. अर्थात डॉक्टरांना विचारूनच.

उपचारानंतर जंतू गेला का, हे रक्ततपासणीतून कळत नाही. अँटिबॉडीज नंतरही बराच काळ राहतात. त्यासाठी किमान ४ आठवडे थांबून श्वासाचीच तपासणी करा.

काही शंका असेल तर बिनधास्त विचारा.