पहिला कोण पोहोचतो?

14 ऑक्टोबर 2014 रोजी लोहगाव तळाचं सुखोई विमान थेऊरच्या बाजूला शेतात कोसळलं. दोघेही वैमानिक पॅराशूटने सुखरूप उतरले. मुलूख आपला, भाषा आपली, भोवती आपलीच माणसं. हेच सीमेपलीकडे घडलं तर? हिंजवडीतल्या आमच्या सोसायटीतली आयटीवाली मुलं मला हे हमखास विचारतात, कारण मी हवाई दलात सेफ्टी इक्विपमेंट सेक्शनला होतो, पॅराशूट बांधायचो. "काका, लोकेशन तर दिसतच असेल ना?" असं त्यांना वाटतं.

आमच्या कामापासून सांगतो. पॅराशूट आधी उंच टांगून त्याला हवा देतात. दोऱ्यांचा पीळ काढतात, कापडाचा एकेक पट्टा हाताने सपाट करून घडी घालतात आणि शेवटी बांधणारा कार्डावर सही करतो. ती सही करताना हात कधी सैल पडला नाही. कुणाच्या तरी घरचा माणूस त्या घडीवर बसून जाणार असतो. आसनातच एक पेटी असते. तिच्यात पाणी, औषधं, आरसा, धुराच्या नळकांड्या आणि समुद्रावर जायचं असेल तर फुगणारी होडी.

आणि बीकन. आपत्कालीन बीकन 406 मेगाहर्ट्झवर हाक घालतं, उपग्रह ती टिपतो, आपल्याकडे ती इस्रोच्या बंगळूरूच्या केंद्रात येते आणि तिथून शोधपथकांना कळतं. जवळ आलेलं हेलिकॉप्टर 121.5 मेगाहर्ट्झचा माग काढत डोक्यावर येतं. शांततेत ही व्यवस्था उत्तम चालते. लढाईत मात्र शत्रूही कान लावून बसलेला असतो. म्हणून रेडिओवर बोलायचं थोडकं, आणि बोलणारा आपलाच आहे याची आधी खात्री करायची.

एप्रिल 1972 मध्ये व्हिएतनाममध्ये आइसील हॅम्बल्टन हा अमेरिकी अधिकारी शत्रूच्या ऐन गराड्यात उतरला. गडी गोल्फवेडा. त्याच्या ओळखीच्या गोल्फ मैदानांवरच्या होलचे नंबर रेडिओवर सांगून त्याला वाट दाखवली गेली. कुठल्या होलची दिशा कोणती आणि लांबी किती, हे त्याला पाठ होतं, चोरून ऐकणाऱ्याला नव्हतं. तो वाचला, पण त्याला आणण्याच्या प्रयत्नांत 11 जणांचा जीव गेला.

आपणही ही किंमत मोजली आहे. 27 मे 1999 ला कारगिलमध्ये फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांचं मिग-27 पडलं. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा माघारी येऊ शकत होते. ते नचिकेतांचा ठावठिकाणा लागावा म्हणून त्याच भागात घिरट्या घालत राहिले आणि त्यांचंच विमान पाडलं गेलं. नचिकेता युद्धकैदी होऊन परतले, आहुजांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं. पुढे 2004 मध्ये हवाई दलाने गरुड कमांडो दल उभारलं. शत्रूच्या हद्दीत उतरून वैमानिकाला उचलून आणणं हे त्यांच्या कामांपैकी एक आहे.

पण हेलिकॉप्टरच्या आधी बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी पोहोचतो. डिसेंबर 1971 मध्ये फ्लाइट लेफ्टनंट जवाहरलाल भार्गव सिंधच्या वाळवंटात उतरले. आपण पाकिस्तानी वैमानिक मन्सूर अली आहोत असं सांगत त्यांनी गावकऱ्यांत वेळ काढला. शेवटी रेंजर्सनी कलमा म्हणायला सांगितला आणि सोंग उघडं पडलं.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर त्याच युद्धात 10 डिसेंबरला पकडले गेले. 1972 च्या ऑगस्टमध्ये ते, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी रावळपिंडीच्या कैदखान्याची भिंत पोखरून निसटले. बसने पेशावर, तिथून लंडी कोतल. अफगाण सीमा अगदी टप्प्यात आली होती. चहाच्या दुकानापाशी त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. त्यांच्या नकाशात ते रेल्वेचं शेवटचं स्टेशन होतं. प्रत्यक्षात तिथली गाडी इंग्रजांच्या काळातच बंद झालेली. एवढ्यावरून संशय आला. त्या मुलखात त्यांना गोळीही घातली गेली असती. परुळकरांनी कैदखान्याचे आधीचे प्रमुख उस्मान हमीद यांना फोन लावायला लावला आणि तिघांचा जीव वाचला. 1 डिसेंबर 1972 ला ते वाघ्यावरून परत आले. निवृत्तीनंतर ते पुण्यात राहिले आणि 10 ऑगस्ट 2025 रोजी गेले.

त्याच युद्धातले फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे मात्र परत आले नाहीत. पकडलेल्या वैमानिकांत त्यांच्यासारखंच नाव पाकिस्तानी वर्तमानपत्रात छापून आलं होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. अशा बेपत्ता सैनिकांच्या नातेवाईकांचं पथक 2007 मध्ये पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन आलं, हाती काही लागलं नाही. बेपत्ता 54 जणांच्या यादीत तांब्यांचं नाव आजही आहे. पकडलेल्या माणसाची नोंद होणं हे सुटकेचं अर्धं काम आहे, असं मी म्हणतो ते यासाठी.

पुण्याच्या आसपास लढाऊ विमानं रोज उडतात. उद्या तुमच्या शिवारात वैमानिक उतरला तर 112 ला फोन करा. आसन जोरात बाहेर फेकलं जाताना पाठीच्या कण्याला इजा झालेली असू शकते, म्हणून त्याला ओढून बसवू-उठवू नका, हेल्मेट काढायला जाऊ नका. आसनात आणि अवशेषांत स्फोटक काडतुसं असतात, मुलांना लांब ठेवा. आणि व्हिडिओ काढणाऱ्यांची गर्दी हटवून मदतीच्या गाडीला वाट करून द्या.