पाच सेकंद, एकशे दहा मीटर

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक सेकंदाला २२ मीटर कापतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज वाचायला पाच सेकंद धरा. तेवढ्यात भरलेली गाडी ११० मीटर आंधळी धावलेली असते. ब्रेक लागायचा असतो त्यानंतर.

बुलढाणा जिल्ह्यात दोन तऱ्हेचे रस्ते आहेत. मलकापूर-नांदुरा-खामगावच्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आडवे येणारे ट्रॅक्टर, दुचाक्या, गुरं. मेहकर, सिंदखेड राजावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर यातलं काहीच नाही, आणि धोका तिथेच: सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे जड होतात. १ जुलै २०२३ च्या पहाटे याच महामार्गावर पिंपळखुट्याजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले, तेव्हाही चर्चा झाली ती चालकाच्या डुलकीची. झोप उडवायला चालक फोन लावतो, रील चालू करतो. एका संकटावर दुसऱ्याचा उतारा! क्लीनर नसेल तर गप्पांनाही फोनच. त्यात ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन: ‘गाडी कुठवर आली?’

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गाडी चालवताना फोन हातात धरून वापरल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. लक्ष विचलित होत नसेल तर रस्ता पाहण्यापुरता फोन चालतो. हँड्सफ्री घेतलं तरी हात मोकळे होतात, डोकं नाही.

मालक-व्यापाऱ्यांनो, गाडीचा ठावठिकाणा जीपीएसवर बघा. चालकाला फोन तो ढाब्यावर थांबल्यावरच करा.