मिलियनचे लाख कसे झाले?

मुलांनो, बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत विजेचं सामान आणायला गेलात, तर बिल नीट वाचा. आकड्यांतल्या रकमेखाली पुष्कळदा 'अक्षरी रुपये' असंही लिहिलेलं असतं. आकड्यापुढे एक शून्य वाढवणं सोपं, पण अक्षरांतली खाडाखोड लगेच दिसते, म्हणून ही पद्धत!

हे काम संगणकानं करावं यासाठी पायथन भाषेत 'नम टू वर्ड्स' नावाची लायब्ररी आहे. पुस्तकांची नव्हे बरं का! दुसऱ्या कुणी लिहून सगळ्यांना वापरायला दिलेले तयार प्रोग्रॅम, म्हणजे लायब्ररी. तिला १०,००,००० द्या, ती इंग्रजीत सांगते 'वन मिलियन'. झाली पंचाईत! आपल्याला हवं 'टेन लाख'.

तुम्ही म्हणाल, लायब्ररीची फाइल उघडून मिलियन खोडून टाकू. तसं करता येतं, पण करू नये. नवी आवृत्ती बसवली की तुमची दुरुस्ती पुसली जाते. शिवाय त्याच संगणकावर कुणाला मिलियनच हवं असेल, तर त्याचं काय?

मग युक्ती अशी. लायब्ररीत इंग्रजी आकड्यांचा एक 'क्लास' असतो. त्यातल्या एकेका कामाला 'मेथड' म्हणतात. या क्लासचा एक मुलगा तयार करायचा. त्याला वडिलांचं सगळं आपोआप मिळतं. फक्त जी मेथड बदलायची, ती त्याच नावानं मुलाकडे पुन्हा लिहायची. संगणक आधी मुलाकडे बघतो, तिथे नसेल तरच वडिलांकडे जातो. यालाच म्हणतात ओव्हररायडिंग.

गंमत म्हणजे, भारतीय इंग्रजीसाठी या लायब्ररीतच असा मुलगा आहे! वडिलांची 'सेट हाय नमवर्ड्स' ही मेथड मिलियन, बिलियन तयार करते. मुलाच्या मेथडमध्ये दोनच ओळी: एक क्रोरची, एक लाखाची. वन, टू, हंड्रेड, थाउजंड सगळं वडिलांचंच.

पण नावातला शेवटचा 'स' राहिला तर? पायथन तक्रार करत नाही. त्याला ती नवीच मेथड वाटते, आणि बिलावर गुपचूप पुन्हा 'वन मिलियन' छापलं जातं. म्हणून २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ मध्ये 'ओव्हरराइड' ही खूण दिली आहे. ती मेथडवर लावली, की प्रोग्रॅम तपासणारं वेगळं साधन अशी चूक दाखवतं. लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत वडिलांनीच मेथडचं नाव बदललं, तरी हाच घोटाळा होतो. तेव्हा आवृत्ती बदलली की १,००,०००, १०,००,००० आणि १,००,००,००० हे तीन आकडे देऊन पाहा. उत्तरं यायला हवीत वन लाख, टेन लाख, वन क्रोर.