नऊ एकर आणि तिसरी हिस्सेदार

समजा, एका घराची वडिलोपार्जित नऊ एकर जमीन आहे. आई आधीच गेलेली, वडील १९९० साली मृत्युपत्र न करता वारले. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. पुढे भावाभावांत बिनसतं आणि थोरला वाटप व कब्जा मागण्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावतो. दाव्यातल्या वंशावळीत बहिणीचं नावच नसतं. दावा अर्ध्यावर आला असताना ती वकिलामार्फत अर्ज देते : मलाही पक्षकार करून घ्या. अर्ज जेमतेम पानाचा, पण तो मंजूर झाला की जे घडतं त्यानं थक्क व्हायला होतं.

आधी कब्ज्याचंच पाहा. बहीण लग्न होऊन कधीच परगावी गेली. शेत भाऊ कसतात, सातबाऱ्यावर नावं त्यांचीच. तरी कायद्याच्या नजरेत एका सहहिस्सेदाराचा कब्जा हा सगळ्यांचा कब्जा असतो. भाऊ पेरणी करतो तेव्हा तो तिच्या वतीनंही जमीन राखत असतो. बारा वर्षं कसली म्हणून जमीन आपोआप त्याची होत नाही. ‘तुझा यात हक्क नाही’ असं त्यानं तिला कळेल इतक्या उघडपणे नाकारलेलं असावं लागतं. फेरफाराची नोंदही महसुलाच्या सोयीची असते. त्या नोंदीनं मालकी मिळत नाही आणि जातही नाही.

आता दाव्याचं दार. कुणाविरुद्ध दाद मागायची हे एरवी वादी ठरवतो. पण दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधल्या ऑर्डर १, रूल १० नुसार न्यायालय कोणत्याही टप्प्यावर, अर्जावरून किंवा स्वतःहून, नवा पक्षकार सामील करू शकतं. वाटपाच्या दाव्यात तर प्रत्येक सहहिस्सेदार आवश्यक पक्षकार असतो. त्यातला एक जरी बाहेर राहिला, तरी त्या त्रुटीपायी अख्खा दावा फेटाळला जाऊ शकतो. म्हणजे बहिणीला आत घेणं ही तिच्यावरची मेहेरबानी नव्हे, भावाचा दावाही त्यावर अवलंबून आहे. अर्ज मंजूर झाला की दाव्यात दुरुस्ती होते, वंशावळ पूर्ण होते आणि ती आपली कैफियत दाखल करते. कागदावर ती प्रतिवादी असते. पण वाटपाच्या दाव्यात प्रत्येक जण एकाच वेळी वादीही असतो आणि प्रतिवादीही. त्यामुळे भावानं दावा काढून घ्यायचं ठरवलं, तर ती स्वतः वादी होऊन तो पुढे चालवण्याची परवानगी मागू शकते.

सगळ्यात विलक्षण आहे तो हिशेब. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या मूळ रूपात आधी वडील आणि दोन मुलगे असे तीन वाटे कल्पायचे, प्रत्येकी तीन एकर. मग वडिलांचे तीन एकर तिन्ही भावंडांत वाटायचे. भावांना चार-चार एकर आणि बहिणीला एक. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं मुलगीही मुलाप्रमाणे जन्मानंच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतली हिस्सेदार, झाली. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, हा प्रश्न पुढे बरीच वर्षं घोळत राहिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं : गरज नाही, हक्क जन्मानं मिळतो. आता हिशेब तीन, तीन आणि तीन. जमीन तेवढीच, बांधही तेच, फक्त मोजताना माणूस वगळलं नाही.

समजा, भावांमध्ये प्राथमिक हुकूमनामा आधीच झाला आहे. तरीही वेळ गेलेली नसते. हा हुकूमनामा फक्त कुणाचा वाटा किती ते ठरवतो. सरकारला शेतसारा द्यावा लागणारी जमीन असेल तर प्रत्यक्ष तुकडे पाडायला प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. मोजणी होते, सरस-निरस पाहून वाटे पडतात, मग ताबे दिले जातात. दावा अंतिम टप्प्याला पोहोचेपर्यंत परिस्थिती बदलली, तर वाटे पुन्हा ठरवता येतात. २००५ च्या दुरुस्तीनं प्राथमिक हुकूमनाम्यातले वाटे बदलू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये गंडुरी कोटेश्वरम्मा प्रकरणात स्पष्ट केलं.

या दारालाही चौकट आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यानं वाटप पुरं झालं असेल, तर ते उकरता येत नाही. नुसतं ‘तोंडी वाटप झालं होतं’ हे म्हणणं मात्र सहसा टिकत नाही.

वाटपाचा दावा भांडणाऱ्या दोघांपुरता नसतो, हेच मला या कायद्यातलं मोठेपण वाटतं. जो भांडायला आलाच नाही त्याचाही वाटा न्यायालय मोजतं. म्हणून दावा लावणाऱ्यानं पहिल्याच दिवशी पूर्ण वंशावळ द्यावी. त्यात त्याचीही अनेक वर्षं वाचतात. आणि जिचं नाव राहून गेलं, तिनं दावा कोणत्या टप्प्यावर आहे ते वकिलाकडून तपासून घ्यावं. हुकूमनामा झाला एवढं ऐकून हक्कावर पाणी सोडू नये.