मुलाला रंग चुकतात? आधी तपासणी करा

मुलाला फळा दिसत नसेल तर ते घरच्यांच्या लवकर ध्यानात येते. मूल डोळे बारीक करते, वही नाकाशी नेते, गुरुजी निरोप धाडतात आणि महिन्याभरात नाकावर चश्मा चढतो. पण डोळ्याचा एक दोष असा आहे, की तो ज्याला आहे त्यालाच वीस-वीस वर्षे त्याचा पत्ता नसतो. तो दोष म्हणजे रंगांधळेपणा. नाव ऐकून पुष्कळजण दचकतात. वास्तविक या माणसांची नजर स्वच्छ असते, ती बारीक अक्षर वाचतात आणि सुईत दोरा ओवतात. फक्त काही रंगांतला फरक त्यांना कळत नाही. जन्मापासून जग तसेच दिसत आल्याने इतरांना ते वेगळे दिसते, ही कल्पनाच त्यांना नसते.

पूर्वी हा दोष उघडकीस यायचा तो रेल्वेच्या किंवा सैन्याच्या भरतीत. आता संगणकाच्या शिक्षणातही तो डोके वर काढू शकतो. त्याचे एक उदाहरण सांगतो. विद्यार्थ्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वढू बुद्रुकचा हा मुलगा रोज नगर रस्त्याने बसने पुण्याला कॉलेजात जातो. संगणकशास्त्राचे दुसरे वर्ष. प्रोग्रॅमिंगमध्ये वर्गात पहिल्या पाचांत. आई त्याला घेऊन आली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, याला नंबर लागलाय का बघा. रोज डोकं धरून बसतो. सोमवार आला की पोटात दुखतं, जेवत नाही." नजर तपासली तर दोन्ही डोळे उत्तम. रक्तदाब ठीक, पोटात काही नाही. मग सोमवारीच पोट का दुखते, हा प्रश्न उरला.

विचारता विचारता कळले, की सोमवारी फोटोशॉपचे प्रात्यक्षिक असते. वेबसाइट तयार करायला शिकताना चित्ररचनेचा हा विषय सर्वांना सक्तीचा होता. डाळिंबाच्या रसाच्या बाटलीचे लेबल करायला दिले होते. याने डाळिंब मातकट हिरवे आणि पाने तपकिरी रंगवली. वर्ग हसला. शिकवणाऱ्यांना वाटले, पोरगा थट्टा करतोय, आणि त्यांनी तसे सर्वांसमक्ष बोलून दाखवले. त्यानंतर प्रत्येक प्रात्यक्षिकाला तो शेजाऱ्याच्या पडद्याकडे चोरून पाहू लागला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रंग जुळवत बसू लागला. झोप गेली, डोके दुखू लागले. शेवटी त्याने घरी सांगितले, "मला हे जमत नाही. कॉलेज सोडतो आणि कंपनीत कामाला लागतो."

मी आईला विचारले, "ताई, लहानपणी रंगांचं काही आठवतं का?" त्या माउलीने सांगितले, "मिरच्या तोडायला नेलं तर लाल मिरच्या झाडावरच ठेवून यायचा. आम्ही म्हणायचो, आळशी आहे."

झाडावरच्या हिरव्या पानांतून लाल मिरची डोळ्यांत भरते, ती आपल्याला. त्याला दोन्हींचा रंग जवळजवळ सारखाच दिसत होता.

डोळ्यात नेमके काय होते?

आपल्या डोळ्याच्या मागच्या बाजूला दृष्टिपटल असते. त्यात रंग ओळखणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांचे प्रकार तीन. ढोबळमानाने बोलायचे तर एक लाल, दुसरा हिरव्या आणि तिसरा निळ्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देतो. या तिघांच्या कमी-जास्त संदेशांवरून मेंदू लाखो छटा ओळखतो. संगणकाचा आणि मोबाइलचा पडदाही याच तत्त्वावर चालतो. त्यात लाल, हिरवे आणि निळे असे तीनच बारीक ठिपके असतात व त्यांच्या मिश्रणातून सारी चित्रे उमटतात.

लाल किंवा हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशींत जन्मतः काही उणीव असली, की लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी या रंगांची गल्लत होते. निळा आणि पिवळा सहसा नीट कळतात. सगळेच जग काळे-पांढरे दिसणे हा प्रकार फार विरळा.

युरोपीय वंशाच्या शंभर पुरुषांत सुमारे आठ जणांना हा दोष असतो. स्त्रियांत मात्र दोनशेत एखादीला. आपल्याकडे पुरुषांतले प्रमाण त्याहून कमी आढळते, तरी भरलेल्या वर्गात असा एखादा मुलगा असणे मुळीच नवलाचे नाही.

मामाकडून भाचा

लाल-हिरव्या रंगांच्या या दोषाची जनुके 'एक्स' नावाच्या गुणसूत्रावर असतात. स्त्रीला अशी दोन गुणसूत्रे असतात. एकात दोष असला तर दुसरे सांभाळून घेते, म्हणून तिला स्वतःला सहसा त्रास होत नाही. पुरुषाला 'एक्स' एकच, आणि ते आईकडून आलेले. त्यात दोष असला की सांभाळून घ्यायला दुसरे नसते. म्हणून हा दोष पुष्कळदा आईच्या वडिलांत किंवा मामांत सापडतो. दोष वाहणाऱ्या आईच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

हे वाचून कोणी सुनेला बोल लावू नये. आपण कोणते गुणसूत्र पुढे द्यायचे हे कोणत्याही आईच्या हातात नसते. गरोदरपणातले खाणे, ग्रहण, बाहेरची बाधा यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

ज्यांच्या अणुसिद्धांताचा धडा आपली मुले शाळेत शिकतात, ते जॉन डाल्टन स्वतः रंगांधळे होते. त्यांनी १७९४ साली मँचेस्टरमध्ये आपल्या या दोषावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा, असा त्यांचा तर्क होता. १८४४ मध्ये ते वारल्यावर त्यांच्याच इच्छेनुसार डोळे तपासले गेले, तेव्हा द्रव स्वच्छ निघाला. डोळ्याचे जतन केलेले अवशेष १९९५ साली जनुकीय चाचणीने तपासले, तेव्हा हिरव्या रंगाशी संबंधित जनुकाचा अभाव आढळला. या दोषाने त्यांच्या बुद्धीच्या आड येण्याचे काही कारण नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

तपासणी कशी करतात?

टोकियोचे डॉ. शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली ठिपक्यांच्या चित्रांची एक पुस्तिका काढली. रंगीत ठिपक्यांत वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी आकडा काढलेला असतो. पहिल्या पानावरचा १२ हा आकडा रंगांधळ्यांनाही वाचता येतो. पुढच्या पानांवर मात्र त्यांना आकडा दिसत नाही किंवा भलताच दिसतो. पुस्तिका दिवसाच्या चांगल्या उजेडात, साधारण पाऊण मीटरवर धरतात आणि उत्तराला तीनेक सेकंद देतात. सुई नाही, थेंब नाही. वढूच्या या मुलाने पहिले पान वाचले आणि पुढच्या बहुतेक पानांवर "इथे आकडा आहे?" असे विचारले. नंतर नेत्रतज्ज्ञांनी निदान पक्के केले.

हीच चित्रे मोबाइलवर पाहून निष्कर्ष काढू नये. प्रत्येक पडद्याचे रंग निराळे असतात. झेरॉक्स प्रतीचा तर उपयोगच नाही.

जन्मजात दोष दोन्ही डोळ्यांत सारखा असतो आणि वाढत नाही. याउलट, आधी रंग नीट कळत असून ते अलीकडे फिके वाटू लागले, किंवा एकाच डोळ्याने वेगळे दिसू लागले, तर ते दुखणे वेगळे आहे असे समजावे. क्षयरोगावरील एथम्ब्युटॉल या औषधाने काही रुग्णांच्या डोळ्याच्या नसेवर परिणाम होतो आणि लाल-हिरवा फरक कळेनासा होतो. अशा वेळी गोळ्या परस्पर बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. मधुमेह, काचबिंदू, तसेच तंबाखू व दारूचे व्यसन यांनीही रंगदृष्टी बिघडू शकते.

औषध आहे का?

जन्मजात रंगांधळेपणावर आज औषध नाही. २००९ साली माकडांवर जनुकीय उपचाराचा प्रयोग यशस्वी झाला, परंतु माणसांसाठी तो अजून नित्याचा उपचार झालेला नाही. रंगीत काचांच्या चश्म्याने काहींना काही छटांतला फरक जास्त जाणवतो, मात्र त्याने दृष्टी इतरांसारखी होत नाही. तेव्हा काढे, थेंब, व्यायाम यांवर 'हमखास गुण' म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे.

औषध नसले तरी उपाय आहेत, आणि संगणकाच्या विद्यार्थ्याला ते सोपे आहेत. संगणकाच्या लेखी रंग म्हणजे आकडे. लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येकाचे माप ० ते २५५. शुद्ध लाल म्हणजे २५५, ०, ०. रंगचक्राच्या भाषेत लाल ० अंशावर, पिवळा ६० वर, हिरवा १२० वर आणि निळा २४० वर. ज्या मुलाला आकडे कळतात त्याने डोळ्यांवर विसंबायचे कशाला? ड्रॉपरने रंग उचलावा, आकडा वाचावा, वहीत नावासह नोंदवावा. मी त्या मुलाला हेच सांगितले आणि कॉलेजसाठी चिठ्ठी दिली, की हा आळस किंवा थट्टा नाही, याला रंगांचे आकडे पाहून काम करू द्यावे. पुढच्या कामात त्याने प्रत्येक रंगाखाली त्याचा आकडा लिहून दिला. झोप सुधारली आणि सोमवारचे पोट थांबले. लाल-हिरव्याच्या बारीक छटा त्याला आजही दिसत नाहीत, तिथे तो मित्राला विचारतो. पण आता चोरून नाही, उघडपणे.

आणखी काही सूचना उपयोगी पडतील. फोटोशॉपच्या २००८ सालच्या आवृत्तीपासून रंगांधळ्या व्यक्तीला चित्र कसे दिसेल, ते दाखवण्याची सोय आहे. विंडोज आणि मोबाइलमध्येही रंग बदलून दाखवण्याची सोय असते, ती सुरू करून पाहावी. प्रोग्रॅम लिहिण्याच्या खिडकीतले रंग आपल्याला कळतील असे निवडावेत. चूक दाखवायला नुसता लाल रंग न वापरता खूण किंवा शब्दही द्यावा. फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांना लाल-हिरवा फरक कळत नाही आणि निळा उत्तम कळतो. फेसबुकचा निळा रंग त्यातूनच आला, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. तेव्हा या दोषामुळे सॉफ्टवेअरचा व्यवसाय बंद होतो, हा समज काढून टाकावा.

कायदा काय म्हणतो?

आपल्या पुण्यातच याचा मोठा निवाडा घडला. फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी २०१५ साली निवडलेल्या एका विद्यार्थ्याला वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणा आढळल्याने प्रवेश नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयात त्याला यश आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि एप्रिल २०२२ मध्ये निकाल दिला, की संस्थेने रंगांधळ्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमांची दारे बंद करू नयेत, अडचण येईल तिथे अभ्यासक्रमात सोय करावी. रंग जुळवण्याचा भाग संकलनाच्या अभ्यासक्रमातून वगळावा किंवा ऐच्छिक करावा, असे समितीचे मत होते. सक्तीच्या एका घटकासाठी मुलाचे सारे शिक्षण अडवू नये, हा त्यातला धडा प्रत्येक कॉलेजाने घेण्यासारखा आहे.

सौम्य व मध्यम दोष असलेल्यांना वाहन परवाना मिळावा म्हणून केंद्र सरकारने २०२० मध्ये नियम बदलले. मात्र रेल्वे इंजिनाचा चालक, विमानाचा वैमानिक अशा कामांत रंगीत दिव्यांवर जीव अवलंबून असतात, तिथे कडक कसोटी असते आणि ती योग्यच आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातील २१ प्रकारांत रंगांधळेपणा नाही, त्यामुळे त्यावर आरक्षणाचा दाखला मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणूनच ही तपासणी वेळेवर होणे महत्त्वाचे. चार वर्षे भरतीसाठी पहाटे उठून धावणाऱ्या मुलाला ऐन वैद्यकीय तपासणीत हे कळावे, यासारखे दुःख नाही. मूल आकडे वाचू लागले, की पहिलीच्या सुमारास एकदा तपासणी करून घ्यावी, आणि दहावीनंतरची वाट ठरवण्यापूर्वी तर नक्कीच. मामाला किंवा आजोबांना रंग कळत नसतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गुरुजनांनी नकाशात जंगल तपकिरी रंगवणाऱ्या मुलाला रागावण्याआधी त्याला जवळ बोलावून चार रंगांची नावे विचारावीत. पाच मिनिटांचे काम आहे. तेवढ्याने एखाद्या पोराच्या पाठीवरचा आळशीपणाचा शिक्का पुसला जातो.